उमेओहून आई-बाबांना

उमेओ, स्वीडन
18 ऑक्टोबर 2024

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

मी बरी आहे. ताप उतरून आठ दिवस झाले, खोकलाही गेला. माझा आवाज खोल गेलेला वाटला म्हणून आई रात्रभर जागी होती असं दादाने सांगितलं. आई, मी दमले होते, एवढंच. आणि जंगलात मी एकटी कधीच जात नाही. मातीचे नमुने घ्यायला कायम दोघं असतो, कुठे जातोय ते ऑफिसात लिहून ठेवतो. अस्वल अजून एकदाही दिसलेलं नाही.

बाबा, तुम्ही सगळ्यांना सांगता की आमची मुलगी झाडं जमिनीखालून एकमेकांशी कशी बोलतात त्यावर पीएचडी करते. तुमचा अभिमान कळतो, पण तसं सांगू नका. बर्च झाडातला कार्बन शेजारच्या डग्लस फर या दुसऱ्या जातीच्या झाडात पोचतो हे सुझान सिमर्ड या वनशास्त्रज्ञ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये कॅनडात मोजून दाखवलं, ते खरंच आहे. पण तो मुळांना जोडणाऱ्या बुरशीच्या धाग्यांतूनच गेला का, आणि गेला म्हणून त्या झाडाचं भलं झालं का, यावर अजून वाद चालू आहे. 2023 मध्ये तिघा संशोधकांनी सगळे पुरावे पुन्हा तपासले. प्रत्यक्ष जंगलात जेवढं सिद्ध झालंय त्याहून पुष्कळ जास्त लिहिलं गेलंय, असं त्यांनी मांडलं. त्या तिघांतल्या एक बाई 1997 च्या कामातही होत्या. आपल्याच कामाकडे असं परत बघायला किती मोठं मन लागतं!

माझं काम झाड आणि बुरशी यांच्यातल्या देवघेवीच्या हिशेबाचं आहे. तुम्ही डाळिंबाला मायकोरायझा देता ना, ती बुरशी मुळाच्या पेशीत शिरते. इथल्या पाइनची बुरशी पेशीत शिरत नाही, ती मुळाच्या टोकाला पायमोज्यासारखी वेढून बसते. परवा सूक्ष्मदर्शकाखाली एक मूळ बराच वेळ बघत बसले. दोऱ्याएवढं बारीक, टोकाशी बेचकीसारखं फुटलेलं, त्यावर पांढरी लव, आणि लवेतून निघून मातीच्या कणांत घुसलेले धागे. झाड तिला साखर देतं, ती झाडाला नायट्रोजन देते. किती साखर? पीटर होगबर्ग यांच्या गटाने इथेच उत्तर स्वीडनमध्ये पाइनच्या खोडावरून सालीचं कडं काढलं, म्हणजे पानांतली साखर मुळांकडे जायची थांबली. महिन्या-दोन महिन्यांत जमिनीतून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड निम्म्याहून खाली आला, म्हणजे त्यातला एवढा मोठा वाटा झाडाने खाली पाठवलेल्या साखरेतूनच येत होता. 2001 मध्ये हे छापून आलं, आणि माझी सगळी गणितं तिथून सुरू होतात.

इथल्याच संशोधकांच्या एका मॉडेलवर, म्हणजे या देवघेवीच्या गणिती मांडणीवर, मी पुढे काम करते. नायट्रोजन तुटपुंजा असला की झाड बुरशीला साखर वाढवून देतं. एकट्याने हात आखडता घेतला तर शेजारचं झाड पुढे जातं, म्हणून सगळीच देत राहतात. बुरशी त्यावर पोसते आणि मिळालेला नायट्रोजन स्वतःच्याच अंगात ठेवते. जंगल भुकेलंच राहतं. माझ्या संगणकावर हे उत्तर पहिल्यांदा निघालं तेव्हा, बाबा, तुम्ही डोळ्यांपुढे आलात. असो.

आता इथली एक गोष्ट, जी मला वर्षभर कळली नव्हती. या देशात कुणीही कुणाच्याही जंगलात फिरू शकतं. मालकाला विचारावं लागत नाही. घराच्या अगदी जवळ जायचं नाही, पिकात शिरायचं नाही, नासधूस करायची नाही, बाकी मोकळीक. अळंबी आणि बेरीसुद्धा तोडून नेता येतात. एवढं सगळं खुलं, पण पिवळी कांतारेल अळंबी कुठे सापडते ते कुणी कुणाला सांगत नाही! माझ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्याने मला वीस वर्षांच्या नोंदी न मागता दिल्या, पण ही जागा विचारली तर नुसता हसला. मला आधी वाईट वाटलं. मग लक्षात आलं, ही अळंबीसुद्धा झाडाच्या मुळांशी बांधलेल्या बुरशीचीच. लावून येत नाही. पण बुरशी त्याच मातीत टिकून राहते, म्हणून वर्षानुवर्षं तिथेच उगवते. जागा सांगितली की गेलीच. आई, मी ओळखता न येणारं काहीही तोडून खात नाही, काळजी करू नकोस.

कर्जाचा हप्ता यापुढे माझ्याच पगारातून जाईल. इथे पीएचडी म्हणजे नोकरीच असते, पैसे पुरतात. आजीच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनचे पैसे मी पाठवलेत, दादाला ते परत पाठवू देऊ नका. ऑपरेशनच्या दिवशी मी तिथे हवी होते.

दादाच्या लग्नाची तारीख कळली. बर्फ वितळून माती मोकळी होते ती नेमकी मे महिन्यातच, आणि ते आठवडे हुकले की वर्ष हुकतं. तरी मी चार दिवस येते. हळदीच्या आदल्या दिवशी पोचेन, लग्नाच्या दुसऱ्या दिवशी निघेन. वहिनीच्या घरच्यांना तुम्हीच समजावून सांगा. माझ्यासाठी आलेल्या स्थळाला मात्र थांबवून ठेवू नका. मुलगा चांगला आहे हे मला मान्य आहे, पण माझी अजून दोन वर्षं आहेत.

आजीला फोनवर माझं बोलणं ऐकू येत नाही, म्हणून तिच्यासाठी मोठ्या अक्षरांत वेगळं पान लिहिलंय. डोळ्याची पट्टी निघाली की द्या. तोवर सांगा, मी वेळेवर जेवते.

तुमची,
ताई