आयडी बंद झाला, दाद कुणाकडे मागायची?

संपादक महोदय,
स.न.वि.वि.

येत्या दहा वर्षांत कुठल्या नोकऱ्या जाणार, यावर हल्ली रोज काही ना काही छापून येतं. नोकऱ्या जातील, नव्या येतील. जाताना माणसाच्या हातात कागद तरी पडणार का, ही माझी काळजी आहे.

इंदूरजवळच्या पिथमपूरच्या एका कारखान्यात मी आधी टाइम ऑफिसात आणि मग पर्सोनेलमध्ये होतो. कामगाराला काढायचं तर आधी आरोपपत्र टाइप व्हायचं, खुलाशाला मुदत मिळायची, मग खात्यांतर्गत चौकशी. चौकशी अधिकारी बहुधा मॅनेजमेंटच्याच मर्जीतला, हे सगळ्यांना ठाऊक असायचं. तरी आरोप काय, तारीख कोणती, साक्षीदार कोण हे लिहून द्यावं लागे, आणि लिहिलेलं कोर्टात खोटं पाडता येतं. लेबर कोर्टातून तसे परत आलेले लोक मी पाहिले आहेत. त्यांच्या मागच्या पगाराचा हिशेब मांडताना साहेबांचे चेहरे बघण्यासारखे असत!

आता आमच्या शेजारचा मुलगा. बी.कॉम. झालाय, एका अॅप कंपनीसाठी मोटारसायकलवरून घरोघरी जेवणाची पार्सलं पोचवायचा. एका रात्री मोबाइलवर ओळ आली, आयडी (म्हणजे काम मिळण्याचं अॅपवरचं खातं) बंद केला आहे, कारण नियमभंग. कुठला नियम, कधी मोडला, तक्रार कुणाची? मदतीच्या चॅटवर विचारलं तर तेच वाक्य पुन्हा, आणि खाली ‘आपका दिन शुभ हो’. पलीकडे माणूस नव्हताच. मला म्हणाला, “काका, भेटू कुणाला?” कारखाना असता तर गेटवर तरी जाऊन बसला असता.

इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपन्यांच्या काचेच्या इमारतींत बसणाऱ्यांनी हे पार्सलवाल्यांपुरतं दुखणं समजू नये. नोकरीचे अर्ज चाळणं, गोदामात हाताचा वेग मोजणं, कॉल सेंटरमधलं बोलणं ऐकून गुण देणं ही कामं सॉफ्टवेअर आजच करतंय. गुण देणारा काढूनही टाकेल. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालात देशात गिग कामगार, म्हणजे कायम नोकरीऐवजी या पार्सलवाल्यासारखे कामागणिक पैसे मिळवणारे, २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते, ते २०२९-३० पर्यंत २.३५ कोटी होतील, असा अंदाज आहे.

सरकारनं काहीच केलं नाही, असं मी म्हणणार नाही. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत या लोकांची व्याख्या आली. अॅप चालवणाऱ्या कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या एक ते दोन टक्के त्यांच्या सुरक्षा निधीत घालायचे आहेत. विमा, पेन्शन मिळालं तर उत्तमच. पण कामावरून काढताना काय करायचं, यावर ती संहिता गप्प आहे. कर्नाटकानं २०२५ च्या आपल्या कायद्यात लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना घातली. मध्य प्रदेशाला हे जड का जावं?

इंदूरची बंद पडलेली हुकुमचंद कापड मिल आठवा. तीस वर्षांहून जास्त रखडलेल्या देण्याचे सुमारे २२४ कोटी रुपये २५ डिसेंबर २०२३ ला सुटले, साधारण ४,८०० कामगारांसाठी. वाट पाहता पाहता कितीतरी जण गेले, ती लाज आपल्या शहराची आहेच. पण कोण कामावर होतं, हे कागदावर होतं, म्हणून वारसांना तरी हक्क सांगता आला. अॅपवरच्या मुलाची हजेरी कंपनीच्या कॉम्प्युटरमध्ये. आयडी गेला की आपलीच हजेरी त्याला दिसत नाही.

राज्याच्या श्रमायुक्तांचं मुख्यालय इंदुरातच आहे. तिथे या कामगारांसाठी एक खिडकी उघडावी. तक्रार आली की कंपनीनं ठरलेल्या मुदतीत लेखी कारण आणि त्या कामगाराच्या कामाचा, कमाईचा पूर्ण हिशेब द्यावा, आणि जबाब द्यायला कंपनीचा एक हाडामांसाचा माणूस हजर राहावा. तोवर या मुलांनी दर आठवड्याच्या कमाईचे स्क्रीनशॉट काढून दुसऱ्या कुणाच्या तरी फोनवर पाठवून ठेवावेत. आमच्या शेजाऱ्याकडे एकही नव्हता.

आपला,
एक निवृत्त टाइमकीपर
सुदामा नगर, इंदूर