वन टनची बॉडी पिकअपवर बसवून दिली, त्या कामाची तक्रार

प्रति, मॅनेजर साहेब
नमस्कार,

साहेब, फोन केला की तुमचा पोरगा "सेट होऊन जाईल भाऊ" एवढंच म्हणून राहिला, म्हणून आता लिहूनच देतो. संक्रांतीला मी तुमच्याकडं माझी पिकअप अन् निसान वन टनची बॉडी, म्हणजे कॅबिन, बोनेट, मडगार्ड, मागचा डाला, सगळं आणून टाकलं. होळीपर्यंत देतो म्हणाले, दिली मे महिन्यात. आता तान्हा पोळाही होऊन गेला अन् गाडी अंगणात उभी आहे.

ही निसान वन टन म्हणजे जबलपूरला बनलेली फौजी गाडी. माझे बाबा फौजेत हीच चालवायचे, म्हणून भंगारवाल्याकडून हुडकून घेतली. बंपरवर जुन्या रंगाखाली उभा बाण अन् त्यापुढं 74 दिसत होतं, फौजेच्या नंबरात बाणापुढचे आकडे म्हणजे गाडी घेतल्याचं साल. ते घासू नका म्हणून दोनदा सांगितलं, तुम्ही त्याच्यावर पुट्टी भरून दिली. ते एक वेळ गिळलं.

पण बॉडी तुम्ही फ्रेमला सरळ वेल्डिंग मारून चिकटवली हो! पिकअपची कॅबिन रबराच्या बुशांवर बसलेली होती, ती काहून? लोड घेऊन गाडी खड्ड्यात गेली की फ्रेम थोडी पिळते, ते रबर खाऊन घेते अन् कॅबिनला ताण येत नाही. आमच्याकडं डांबरी रोड गावापर्यंतच, पुढं वावरात जायला पांदण, काळी माती. जुलैत खताच्या वीस बॅगा घेऊन चाललो होतो, एक चाक बंडीच्या चाकोरीत अन् दुसरं धुऱ्यावर, तर कट्ट करून आवाज आला अन् समोरची काच खालच्या कोपऱ्यातून वरपर्यंत तडकली. उतरून पाहतो तर कॅबिनचा मागचा डावा कोपरा वेल्डिंगच्या लाइनीला लागूनच फाटलेला. डावं दार तेव्हापासून लागत नाही, दोरीनं बांधतो. बाबांनी उजव्या दाराच्या फटीत अंगठा घालून पाहिला, पूर्ण आत गेला. काही बोलले नाहीत, ओट्यावर जाऊन बसले.

त्यातही तुम्ही ब्रॅकेटसाठी फ्रेमच्या वरच्या पट्टीला भोकं पाडली. वरच्या-खालच्या पट्टीवरच सगळा ताण येते, भोक पाडायचंच तर उभ्या बाजूला पाडतात, हे आमच्या गावात ट्रॉल्या बनवणाऱ्यालाही माहीत आहे. फ्रेम लांब अन् बॉडी आखूड, मग व्हीलबेसचा, म्हणजे पुढच्या-मागच्या चाकातल्या अंतराचा हिशोब कोणी केला? पुढचं चाक मडगार्डच्या मधात पाहिजे ते चार बोटं सरकलेलं आहे, स्टेअरिंग पूर्ण कापलं की टायर घासते.

वेल्डिंग करताना बॅटरीची वायर तरी काढली होती का, इसीएम, म्हणजे इंजिनचा कंप्युटर, सोडवून ठेवला होता का? गाडी घरी आली तेव्हापासून इंजिनचा पिवळा लाइट लागूनच आहे अन् 40 च्या वर ओढतच नाही. एक्सिलेटरला आता तार नसते, सेन्सर असते, त्याची वायर कापून तुमच्या पोरानं काळी टेप गुंडाळली. इंटरकूलर, म्हणजे टर्बोची गरम हवा थंड करणारी जाळी, जुन्या नाकात बसला नाही म्हणून तिरपा टांगला, मग विदर्भातल्या मे महिन्यात गाडी तापणार नाही तर काय होईल बाप्पा?

अन् पेपरचं. "आरटीओचं आमच्यावर सोडा" हे तुमचं वाक्य. इथं माझीही चूक आहे, आधी विचारायला पाहिजे होतं. वर्ध्याला गाडी नेली तर साहेबांनी पहिले चेसिस नंबर मागितला, अन् तो तुम्ही मारलेल्या पट्टीखाली दबलेला! नंबर दिसल्याशिवाय पुढं काही होणार नाही म्हणाले. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणं आरसीवरची माहिती कंपनीनं मुळात दिलेल्या माहितीशी जुळणार नाही असा बदल करता येत नाही, हे मला तिथं समजलं. सापडलो तर दर बदलामागं 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यापर्यंत जेल, अन् ते गाडीमालकाले, तुम्हाले नाही.

मी 2,40,000 रुपये दिले, पावती 1,50,000 चीच भेटली, बाकीचे फोन पेवर आहेत, स्क्रीनशॉट जोडले आहेत, फोटो पण. पंधरा दिवसात गाडी नेऊन बॉडी रबर माउंटिंगवर बसवा, फ्रेम दुरुस्त करा, नंबरवरची पट्टी आकडे न घासता काढा अन् परवानगीचे पेपर तुमच्या खर्चानं करा. हे होत नसेल तर माझी पिकअप पहिल्यासारखी करून पैसे वापस द्या. नाहीतर जिल्हा ग्राहक आयोगात जातो, तिथं 5 लाखापर्यंतच्या केसला फीसुद्धा नाही.

न्यायला येताना क्रेन आणजा, गाडी चालवत नेऊ देणार नाही. अन् बंपरला हात लावायच्या आधी मला फोन करजा, पुट्टी मी स्वतः काढीन.

तुमचा ग्राहक,
तालुका देवळी, जिल्हा वर्धा