आई-बाबा, आता नवस नको

ती. आई-बाबांस,
शि. सा. नमस्कार.

आई, माझ्या लग्नासाठी आता नवस बोलू नकोस. बाबा, त्र्यंबकेश्वरची ग्रहशांतही राहू द्या. पंचेचाळिशीतलं एकटेपण ग्रहांमुळे येत नाही. ते वेळ धरून येतं. रविवारची दुपार, सणवार, आणि सगळ्यात वाईट म्हणजे दिवेलागण, तेव्हा घर खायला उठतं.

म्हणून हरिपाठ संध्याकाळी सातलाच, आणि देवळात. घरी एकटीने मोबाइलवर वाचला की २७ अभंग (काही प्रतींत २८) भराभर उरकतात. जीभ पळते, मन तिथंच. देवळात दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात. एकीने चरण म्हणायचा, दुसरीने पुढचा उचलायचा. समोरच्यांचं पुरं होईतो थांबावंच लागतं, आणि त्या थांबण्यात श्वास खाली बसतो. टाळ दोरीने धरायचा. बोट वाटीला लागलं की नाद मरतो. नवख्या बायका भीतीने घट्ट धरतात, तिथंच चुकतं. शेवटी सगळे एकमेकांच्या पाया पडतात, ‘माउली’ म्हणतात. हळदीकुंकवात सवाष्ण कोण ते बघतात. इथं ते कुणी बघत नाही.

आमच्यानंतर तुझं कोण, ही तुमची काळजी मला कळते. नामदेवांच्या घरच्या जनाबाईलाही हेच भेडसावलं होतं. आई-बाप गेले, आता तूच सांभाळ, असं तिने विठ्ठलाला तोंडावर सांगितलं. भक्तीने तिचं एकटेपण संपलं असं मला वाटत नाही, पण ते बोलून दाखवायला तिला कुणीतरी मिळालं. मला तेवढंच हवंय.

कार्तिकीला माळ घालायचं ठरवलंय. १०८ मण्यांची तुळशीची. नेम तुम्हाला ठाऊकच आहेत: एकादशी, वर्षाला एक तरी वारी, मांस-मद्य वर्ज्य. एकादशी मात्र निर्जळी करणार नाही. या वयात त्याने पित्त खवळतं, झोप मोडते, आणि त्या अशक्तपणालाच माणूस विरह समजून बसतो. भगर, ताक, राजगिऱ्याची भाकरी; साबुदाणा कमीच. सलग दोन आठवडे झोप-भूक उडाली, कशातच मन लागेना, तर डॉक्टरकडे जायचं. नाम सोडायचं नाही, पण औषधाच्या जागी ते घ्यायचंही नाही.

आणि महाराजांबद्दल आई घाबरते, ते बरोबरच आहे. एकटी बाई हेरणारे असतात. ‘घरी सांगू नकोस’ असं जो म्हणेल किंवा पैसे मागेल, त्याच्यापुढून तिथल्या तिथे उठायचं. देव्हाऱ्यातही गर्दी नको. दर संकटाला नवं व्रत धरलं की एखादं चुकतं, आणि मग देवाचीच भीती वाटायला लागते.

फोन आठनंतर करत जा. बाबा, माळ्यावरचा आजोबांचा टाळ काढून ठेवाल? दोरी कुजली असेल तर नवी सुती ओवा. नायलॉनची नको, घामाने बोटातून निसटते.

तुमची,
लेक