गृहमंत्री महोदय, एवढे एक परिपत्रक काढा

मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई

स. न. वि. वि.

पस्तिशीचा अंमलदार पोलीस लाइनीत एकटा राहत असला की चौकशी थांबत नाही. हजेरीला, बंदोबस्ताच्या गाडीत, रात्रपाळीच्या चहाला एकच प्रश्न: "काय रे, लाडू कधी?" बहुतेक जण हसून वेळ मारून नेतात. काही जण घरच्यांच्या धाकाने बोहल्यावर चढतात आणि दोन आयुष्यांचे वाटोळे होते. महिला अंमलदारांना तर पस्तिशीपर्यंतही सवड मिळत नाही. जोडीदारीण नागपुरात आणि आपण रत्नागिरीत, तर बदलीच्या अर्जात कारण काय लिहायचे? पती-पत्नी एकत्रीकरण त्यांच्यासाठी नाही. मग आईचे आजारपण लिहायचे.

मी निवृत्त सहायक फौजदार. खात्यात समलिंगी माणसे आहेत हे खात्यात सगळ्यांना ठाऊक असते. त्यांनी बोलायचे कुणाशी, एवढेच कुणी सांगत नाही.

मध्य प्रदेशच्या सशस्त्र पोलीस दलातल्या लीला आणि उर्मिला यांनी १९८७ मध्ये एकमेकींशी लग्न केले आणि नोकरी गमावली. समलिंगी संबंध हा गुन्हा नाही, असा सर्वोच्च न्यायालयाचा कलम ३७७ वरचा निकाल आला तो ६ सप्टेंबर २०१८ रोजी. त्यानंतरही बुलंदशहरच्या एका होमगार्डला जोडीदारासोबतच्या व्हिडिओपायी घरी बसावे लागले. २०२१ मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने ती कारवाई रद्द केली. कोर्टाची पायरी चढण्याएवढी धमक आणि पैसा किती शिपायांकडे असतो?

ब्रिटनमधल्या समलिंगी पोलिसांनी १९९० मध्येच आपली संघटना काढली. आपल्याकडे १९६६ चा पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा आहे. खात्याची मान्यता नसलेल्या संघटनेत जायला परवानगी लागते. सूट आहे ती निव्वळ सामाजिक, करमणुकीच्या किंवा धार्मिक मंडळांना. भजनी मंडळ चालते. चालू दे, चांगलेच आहे. पण चार समलिंगी अंमलदार सुखदुःख बोलायला जमले, तर ते कशात बसते? शिपाई याचे उत्तर स्वतःच्या जोखमीवर शोधणार नाही.

म्हणून असा आधारगट निव्वळ सामाजिक मानला जाईल, हे गृह विभागाने परिपत्रकाने स्पष्ट करावे. गटात सहकाऱ्यांनीच सहकाऱ्यांचे ऐकावे. त्यासाठी त्यांना नीट प्रशिक्षण द्यावे. फोन दुसऱ्या जिल्ह्यातल्या माणसाने उचलावा, कारण आपल्याच घटकात नाव फुटायला एक पाळी पुरते. सर्व्हिस शीटला नोंद नको. अध्यक्षपदी वरिष्ठ अधिकारी तर मुळीच नको, नाहीतर त्याचाही दरबार व्हायचा.

तमिळनाडूने २०२२ मध्ये पोलिसांच्या आचरण नियमांतच या समाजाच्या छळाला मनाई केली. आपणही ती करावी. छळ होणारा माणूस कधी कधी त्याच ठाण्यात ड्यूटीवर असतो.

परिपत्रक नुसते नोटीस बोर्डावर लावू नका. तिथे थांबून वाचणारा लगेच नजरेत येतो. हजेरीला सगळ्यांना वाचून दाखवा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त सहायक फौजदार