अर्धवेळ मॅडमकडून हजेरीकाकांना

आदरणीय काका,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव इथे लिहीत नाही. चारचौघांत नाव घेतलेलं तुम्हाला खपत नाही, हे मिरजेच्या आपल्या दवाखान्यातल्या झाडूवाल्या मावशींनाही ठाऊक आहे. पण कॅनडाच्या अर्जासाठी तुम्ही लावून दिलेल्या हिशेबाचे आभार मानायला हे पत्र उघडं लिहायचं ठरवलं, कारण माझ्यासारख्या अर्धा दिवस नोकरी केलेल्या कितीतरी बायका आजही "आपला अनुभव काही अनुभव नव्हे" असं समजून गप्प बसतात. मीही बसलेच होते.

पगारपत्रकात माझ्या नावापुढे तुम्ही तांबड्या शाईने 'अर्धवेळ' लिहायचात. त्या शब्दाचा मला राग होता. एमपीटीएच, म्हणजे फिजिओथेरपीचं पदव्युत्तर शिक्षण करून, लेक दोन वर्षांची झाल्यावर मी जून 2018 मध्ये फिजिओथेरपीच्या ओपीडीत लागले. सोमवार ते शुक्रवार नऊ ते एक, शनिवारी नऊ ते अकरा. घरी कुणी पाहुणे आले की सासूबाई सांगायच्या, "सूनबाई जाते थोडा वेळ दवाखान्यात." थोडा वेळ! त्या थोड्या वेळात वीस-बावीस गुडघे आणि पाच-सहा खांदे व्हायचे.

कॅनडाचं डोक्यात आलं ते नवऱ्याच्या मित्रामुळे. ज्या एजंटाकडे आम्ही गेलो, त्याने माझी कागदपत्रं दोन मिनिटांत बाजूला सारली. म्हणाला, पार्टटाइम चालत नाही. लगेच पुढे, आवाज खाली करून, "पण फुलटाइमचं लेटर बनवता येईल. पाच वर्षांचं करू." त्याचा दर वेगळा होता. मी घरी येऊन दोन रात्री त्यावर खरंच विचार केला, हे तुम्हाला आज पहिल्यांदा सांगते.

तिसऱ्या दिवशी मी कॅनडा सरकारचा नियम स्वतः वाचला. फेडरल स्किल्ड वर्कर, म्हणजे कुशल कामाच्या अनुभवावर तिकडे कायम राहायला देणारी योजना. तिच्यासाठी कुशल कामाचं एक सलग वर्ष लागतं, मागच्या दहा वर्षांतलं. वर्ष म्हणजे आठवड्याला 30 तास धरून 1,560 तास. हे तास अर्धवेळ कामाचेही चालतात: आठवड्याला 15 तास असतील तर 24 महिने, त्याहून जास्त असतील तर त्या प्रमाणात लवकर. एकाच व्यवसायातल्या दोन नोकऱ्यांचे तास एकत्र धरता येतात. फक्त काम पगारी हवं आणि आठवड्याला 30 च्या वरचे तास धरत नाहीत. म्हणजे एजंट धडधडीत चुकीचं बोलला होता. माझ्या कामाचा क्रमांकही त्यांच्या व्यवसायांच्या यादीत होता, 31202, फिजिओथेरपिस्ट.

नियम तर कळला. पण तास दाखवायचे कशावरून? दवाखान्याचा अनुभवाचा दाखला म्हणजे तीन ओळी. अमुक तारखेपासून काम करीत आहेत, वर्तणूक चांगली आहे, पुढील वाटचालीस शुभेच्छा. त्यात तासांचा उल्लेख नाही, कामाचा नाही, पगाराचा नाही. आणि तिकडे हे सगळं लेटरहेडवर, सहीशिक्क्यासह मागतात. मी व्यवस्थापनाकडे गेले तर उत्तर मिळालं, "आमचा फॉर्मॅट ठरलेला आहे." वर एक टोमणाही: "अर्धवेळवाल्यांना कुठे एवढं मोठं सर्टिफिकेट?"

मग मी तुमच्या टेबलाशी आले. मार्च 2023 ची दुपार होती, तुम्ही डबा संपवून पेन्सिलीला टोक करत होता. मी सगळं सांगितलं. तुम्ही विचारलंत ते एवढंच, "मॅडम, आठवड्याला किती तास म्हणता?"

मी म्हणाले, चोवीस.

"बावीस," तुम्ही म्हणालात. "शनिवार विसरलात."

सहा दिवस गुणिले चार, असा हिशेब मी वर्षानुवर्षं सगळ्यांना सांगत आले होते. तो खोटा आहे हे माझ्याही लक्षात नव्हतं. अर्जात तेच लिहिलं असतं. आणि थंबच्या मशीनची यादी सोबत जोडली असती तर माझाच कागद माझ्याविरुद्ध बोलला असता. तिकडे चुकीची माहिती दिल्याचं ठरलं तर पाच वर्षं दार बंद.

त्यानंतरचे दहा-बारा दिवस तुम्ही रोज सुट्टी झाल्यावर तासभर थांबलात. कपाटातली जुनी मस्टरं काढलीत, 2018 ची तर वाळवी लागायच्या बेतात होती. मोठ्या आखीव कागदावर आठवडावार रकाने पाडलेत. 18 जून 2018 ते 21 मार्च 2020, एकूण 92 आठवडे. त्यातले जानेवारी 2020 चे तीन तुम्ही काट मारून बाद केलेत. मला आठवेचना का. तुम्हाला आठवत होतं: लेकीला डेंगी झाला होता, बिनपगारी रजा. "हे सोडा," म्हणालात. सणाच्या सुट्ट्या आणि पगारी रजा मात्र ठेवल्यात, तेवढ्या चालतात हे मी तुम्हाला वाचून दाखवलं होतं. 89 गुणिले 22, झाले 1,958. सलग वर्षाची अट तर 71 व्या आठवड्यातच, रजेच्या कितीतरी आधी, पुरी झाली होती.

खरा वाद झाला तो लॉकडाउनवरून. त्या सहा महिन्यांत ओपीडी बंद होती, पण निम्मा पगार खात्यात येत होता. मी म्हणाले, पगार आहे म्हणजे धरता येईल की. बँकेचं स्टेटमेंटही आहे. तुम्ही चष्मा काढून टेबलावर ठेवलात. "पगार दिला तो दवाखान्याचा मोठेपणा झाला. काम कुठं हाय त्यात? मस्टर कोरं हाय." मी चिडले होते. सहा महिने म्हणजे थोडेथोडके तास नव्हेत. तुम्ही त्या सगळ्या रकान्यांवरून पेन्सिलीने एकच आडवी रेघ ओढलीत आणि पुढच्या पानावर गेलात.

5 ऑक्टोबर 2020 पासून पुन्हा 22 तास, असे 13 आठवडे. आणि जानेवारी 2021 पासून संध्याकाळचं क्लिनिक. सोमवार, बुधवार, शुक्रवार सहा ते नऊ. तिथल्या डॉक्टरांनी मला वेगळं पत्र आनंदाने दिलं, पगार चेकने असल्याने पुरावाही होता. 22 आणि 9, आठवड्याला 31. मी सांगितलं, तीसच धरतात. तुम्हाला हे फार गमतीचं वाटलं. "म्हणजे आठवड्याला एक तास सरकारजमा!" तसे 117 आठवड्यांत 117 तास सरकारजमा झाले, त्याचीही नोंद तुम्ही समासात केलीत.

बेरीज 5,754 तास. तीन वर्षं, आणि वर 1,074 तास. पाच वर्षांच्या नोकरीची साडेतीन-पावणेचार वर्षं झाली म्हणून मी हिरमुसले होते. चार भरली असती तर निवडीच्या तक्त्यात 11 ऐवजी 13 गुण होते. पण 67 ला पास असतात आणि माझे 70 होत होते. पुढे क्रमवारीसाठी जे वेगळे गुण लावतात, त्यात परदेशातल्या अनुभवाला 'तीन वर्षं किंवा जास्त' हीच वरची पायरी आहे. म्हणजे एजंटाच्या पाच वर्षांच्या खोट्या पत्राने क्रमवारीत एक गुणही वाढला नसता. हे कळलं त्या दिवशी मी तुमच्यासाठी पेढे आणले होते. तुम्ही सांगितलंत, शुगर हाय, आणि मग एक खाल्लात.

आता त्या कामाच्या यादीबद्दल. पत्रात काय काय काम केलं ते लिहावं लागतं. मी हुशारी करून कॅनडाच्या वेबसाइटवरची वाक्यं जशीच्या तशी उतरवली होती. तुम्ही इंग्रजी अडखळत वाचता, पण 'रिसर्च' या शब्दावर बरोबर थांबलात. "मॅडम, तुम्ही संशोधन कधी केलंत? मी तुम्हाला शेकाच्या पिशव्या मोजताना बघितलंय." मग आपण दोघांनी बसून खरी यादी केली. खुब्याच्या ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी पेशंटला उभं करणं. पक्षाघाताच्या पेशंटला बोटं उघडायला शिकवणं. आखडलेला खांदा. गुडघा बदललेल्यांचा घरचा व्यायाम लिहून देणं. आणि तुम्ही हट्टाने घालायला लावलेली ओळ: दुसऱ्या लाटेत कोविड वॉर्डात छातीची फिजिओथेरपी. ती मी धरलीच नव्हती. त्या दिवसांत काय केलं आणि काय नाही, ते आठवायची इच्छाच नव्हती. मस्टरमध्ये मात्र सगळ्या सह्या होत्या, घामाने शाई पसरलेल्या.

व्यवस्थापनाची सही तुम्ही कशी मिळवलीत, ते तुम्ही कधी सांगितलं नाहीत. शिपायाने सांगितलं की तुम्ही केबिनमध्ये जाऊन एवढंच बोललात, "यात एक अक्षर मस्टरच्या बाहेरचं असेल तर माझी ग्रॅच्युइटी अडवा." पत्रावर जावक क्रमांक पडला आणि गोल शिक्का जरा तिरका बसला. तो तिरका शिक्का मला आजही दिसतो.

पुढचं झटपट सांगते, ते तुम्हाला बरंचसं ठाऊक आहे. एप्रिलमध्ये एक्स्प्रेस एंट्रीत, म्हणजे अर्जदारांच्या ऑनलाइन क्रमवारीत, नाव घातलं. त्या वर्षी कॅनडाने आरोग्यसेवेतल्या लोकांसाठी वेगळ्या फेऱ्या सुरू केल्या होत्या. त्याला मागच्या तीन वर्षांत त्याच व्यवसायाचे सलग सहा महिने लागत, अर्धवेळ असेल तर त्या हिशेबाने. ऑक्टोबर 2023 मध्ये बोलावणं आलं. साठ दिवसांत सगळे कागद द्यायचे होते. बाकीचे लोक या साठ दिवसांत पत्रांमागे धावतात, माझी फाइल तुमच्या मस्टरांनी आधीच भरली होती. तुमचा आखीव कागदही मी इंग्रजीत टाइप करून खुलासापत्रासोबत जोडला, आडव्या रेघेसकट: या काळात पगार मिळाला, काम नव्हतं, म्हणून तास धरलेले नाहीत. त्यावर कुणी एक प्रश्नही विचारला नाही.

पत्र इतकं उशिरा का, असं तुम्ही विचारणार नाही, पण सांगते. इथे, ओंटारिओत, परवान्याची परीक्षा होईपर्यंत मला फिजिओथेरपिस्ट म्हणून काम करता येत नाही. यादीतल्या त्या 31202 क्रमांकाने परवाना मिळत नाही, हे आधी माहीत होतं. सोसायला लागलं तेव्हा जड गेलं. सध्या एका क्लिनिकमध्ये सहायक आहे. टॉवेल, शेकाच्या पिशव्या, पेशंटला मशीन लावून देणं. पहिला महिना रडण्यातच गेला. कुणाचे आभार मानायच्या मनःस्थितीत नव्हते, खरं सांगायचं तर कॅनडाला यायला मदत केलेल्या प्रत्येकाचा थोडा रागच येत होता. तुमचाही. आता अभ्यास मार्गी लागलाय.

तुम्ही निवृत्त झाल्याचं कळलं. मस्टरं आता कुणाकडे आहेत? नव्या पोराला सांगा, 2018 चं ते वाळवीपासून जपायला. त्या वर्षी लागलेल्या आणखी तिघी होत्या, सगळ्या अर्धवेळ. त्यातल्या एकीने मला परवाच मेसेज केलाय. तिला तुमच्याकडे पाठवते आहे. ती आठवड्याला अठरा तास म्हणते. तुम्ही बघालच.

काकूंचा गुडघा कसा आहे? मी शिकवलेला टाच दाबायचा व्यायाम रोज दहा वेळा, दोन्ही पायांचा, उशी न घेता. आणि पेढा एकच.

आपली,
अर्धवेळ मॅडम
(सध्याही अर्धवेळच. सोमवार ते शुक्रवार, आठवड्याला 20 तास. शनिवार सुट्टी.)