वॉर्डाबाहेर नेणाऱ्यांचे आभार

आमचा दादा नागपुरात मानसोपचारासाठी भरती आहे. तिथल्या रुग्णांना रोज सकाळी बागेत नेणाऱ्या सिस्टर, मावशी आणि थेरपिस्ट ताई, तुमचे मनापासून आभार. घरी महिनोन्‌महिने गप्प असलेला दादा संत्र्याच्या झाडाला आळं करताना शेजारच्याला म्हणाला, "पाणी बुंध्याला नको, जरा लांबून सोड." शेतकऱ्याचंच पोर ते! काही औषधांवर असताना ऊन सोसत नाही, म्हणून टोपी, पाणी, सावली सगळं तुम्ही जपता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात रुग्णांना विरंगुळ्याचा हक्क आहे; आम्हाला तो तुमच्यामुळे कळला. मे महिन्याच्या नागपुरी उन्हाळ्यातही पहाटे लवकर येऊन तुम्ही खंड पडू दिला नाही, त्याबद्दल आईने विशेष आभार कळवायला सांगितले आहेत.