पंपाची मोटर आणि ड्राइव्ह बदलण्याआधी तपासणी करण्याबाबत

प्रति,
मा. अध्यक्ष,
आपली सहकारी गृहनिर्माण संस्था, शामरावनगर, सांगली

विषय : प्रेशर पंपाचे कोटेशन तूर्त मंजूर न करणेबाबत

स.न.वि.वि.

नोटीस बोर्डावरचे कोटेशन वाचले. नवी मोटर, नवा ड्राइव्ह (मोटरचा वेग कमी-जास्त करणारे उपकरण), बसवण्याची मजुरी वेगळी. पंप सकाळी ट्रिप होतो आणि ऐन अंघोळीच्या वेळी वरच्या मजल्यांचे हाल होतात, याबद्दल वादच नाही. पण नेमके बिघडले काय, हे त्या कागदावर कुठेच नाही. दोन्ही बदलले की त्यातले एक तरी खराब असणारच, असा सरळ हिशोब दिसतो.

मेकॅनिक आला तेव्हा मी पंपघरात होतो. त्याने साध्या मल्टिमीटरने ड्राइव्हचे आउटपुट तपासले, दोनशेच्या आसपास व्होल्ट दिसले, आणि ‘ड्राइव्ह गेला, मोटरही जळली’ म्हणून मोकळा झाला. डिस्प्लेवर तेव्हा २५ हर्ट्झ होते. ड्राइव्ह वेग कमी करतो तो फ्रिक्वेन्सी आणि व्होल्टेज दोन्ही बरोबरीने उतरवून. ५० हर्ट्झला ४१५ व्होल्ट, तर २५ ला साधारण निम्मे. मग दोनशे चूक कसे? शिवाय ते व्होल्टेज तुकड्यातुकड्यांनी येते, साध्या मीटरचा त्यावर भरवसा धरता येत नाही. जळालेली मोटर दुपारी सुरळीत कशी चालते, असे विचारले तर गडी हसला फक्त.

मला तर दुपारचीच गोष्ट महत्त्वाची वाटते. ट्रिप होते ती रात्री पाऊस झाला की सकाळी, आणि डिस्प्लेवर अर्थ फॉल्ट, म्हणजे वीज जमिनीकडे गळत असल्याची सूचना, येते. ऊन तापले की सगळे ठीक. मोटरकडे जाणाऱ्या केबलला टाकीच्या भिंतीलगत एक जोड आहे. त्याची काळी टेप सुटली आहे, आतले तांबे हिरवट पडले आहे आणि वरच्या पाइपचे पाणी बरोबर तिथेच ठिबकते. संशय त्या जोडावर आहे. खात्री मोजल्यावरच होईल. तोवर कृपया वॉचमनला तिकडे फिरकू देऊ नका.

तपासणी तासाभराची आहे. ड्राइव्ह बंद करून आतल्या कपॅसिटरमध्ये साठलेली वीज उतरेपर्यंत थांबायचे, कारण बंद केल्यावरही तिथे साडेपाचशेच्या वर डीसी व्होल्ट काही मिनिटे राहतात. मग मोटरच्या तिन्ही वायर ड्राइव्हपासून सोडवून नुसता ड्राइव्ह चालवून पाहायचा. तरीही अर्थ फॉल्ट आला तर दोष ड्राइव्हचा. नाही आला तर पुन्हा बंद करून, आधी केबल आणि मग मोटर अशी वेगवेगळी ५०० व्होल्टच्या मेगरने (इन्सुलेशनचा रेझिस्टन्स मोजणाऱ्या मीटरने) तपासायची. एक मेगओहमच्या खाली जे येईल ते दोषी. मेगर लावताना ड्राइव्ह जोडलेला राहिला तर चांगला ड्राइव्हही जाईल, हे मात्र वायरमनला बजावून सांगावे लागेल. मोटरच्या तिन्ही वाइंडिंगचा रेझिस्टन्सही जोडीजोडीने मोजावा, तो सारखा हवा. चालू असताना टंग टेस्टरने (वायरभोवती चिमट्यासारखा लावायच्या मीटरने) तिन्ही फेजचा करंट बघितला की बाकीचे कळेल.

कुपवाड एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक रिवाइंडिंगवाले आहेत, त्यांच्याकडे मेगर आहे. रविवारी दुपारी ते यायला तयार आहेत. त्यासाठी पाणी बंद ठेवण्याची नोटीस शनिवारीच लावावी आणि सगळी रीडिंग पंपाच्या रजिस्टरमध्ये लिहून घ्यावीत. कोटेशन देणाऱ्यालाही तिथे बोलवावे, ही विनंती.

आपला विश्वासू,
सभासद, फ्लॅट क्र. ३०४